इंजिनाचे पाणी

भांडगावच्या मळ्यातले ऑईल इंजिन गेल्या दिवाळीत भंगारात गेले. १९७९च्या वैशाखात ते जाम झाले, त्यानंतर कोणी त्याला हँडल मारले नाही आणि कोणी ते जागेवरून हलवलेही नाही. खोपीचा पत्रा दोनदा बदलला, विहिरीवर विजेची मोटार बसली, शेजारून ठिबकच्या नळ्या गेल्या. इंजिन मात्र आपल्या दगडी चौथऱ्यावर बसून राहिले. ते हलवायचे तर वडिलांनी किंवा काकांनी, दोघांपैकी एकाने त्याचे नाव काढायला हवे होते. दोघांनीही ते टाळले. वडील जाऊनही आता बरीच वर्षे झाली.

घडले होते ते असे. वडिलांना आम्ही आप्पा म्हणत असू आणि धाकट्या काकांना नाना. उसाला पाणी देण्याचे काम नानांकडे. कालव्याची पाळी लांबली की भिस्त विहिरीवर, आणि वीज केव्हा येईल याचा नेम नाही, म्हणून इंजिन. रात्रपाळीला खोपीत नाना एकटेच असत. त्या रात्री इंजिनाचा आवाज बदलला, जड झाला आणि थांबला. सकाळी पाहतात तो हेडला तडा गेलेला आणि पिस्टन आत आवळून बसलेला. फिटर आला, त्याने हेड सोडवून वरवर पाहिले आणि म्हणाला, "पाणी तुटलं होतं." एवढेच. पंपाने पाणी सोडले, इंजिनात जाणारे पाणी बंद पडले आणि राखणदाराला ते कळले नाही, असा त्याचा अर्थ. कळले नाही म्हणजे राखणदार झोपला होता. नाना परोपरीने सांगत राहिले की आपण जागे होतो, पाटात पाणी पडत होते. आप्पांनी ऐकले नाही. ऊस वाळला, सोसायटीचे कर्ज थकले आणि दोन वर्षांनी वाटणी झाली. वाटणीला इतरही कारणे होती, ती असतातच. पण गावात सांगितले जाई ते एकच: नाना झोपले आणि इंजिन गेले.

या प्रकरणातला आमचा वाटा पुढचा आहे. १९८४ साली पुण्यात एम. ए. करीत असताना महाविद्यालयाच्या वार्षिकांकात आम्ही नानांचे व्यक्तिचित्र लिहिले. गावाकडचा एक विक्षिप्त, प्रेमळ, काहीसा आळशी माणूस उभा करायचा, त्याच्या तोंडी बोलीतली चार वाक्ये घालायची आणि शेवटी वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणायचे, ही रीत तोवर आमच्या हाताला चांगली बसली होती. नानांची झोप हे त्या लेखाचे सूत्र होते. आप्पांपुढे उभे असताना नाना एक वाक्य पुनःपुन्हा म्हणत, "धार बारीक झाली व्हती." आम्ही त्या वाक्याचे पालुपद केले. लेखातल्या नानांचा बैल हरवतो, नाना म्हणतात, धार बारीक झाली व्हती. लग्नाची बोलणी फिसकटतात, नाना म्हणतात, धार बारीक झाली व्हती. स्नेहसंमेलनात लेख वाचला तेव्हा सभागृह हसले होते. आमच्या प्राध्यापकांनी पालुपदाच्या योजनेचे विशेष कौतुक केले.

त्या धारेचा अर्थ आम्हाला कळला तो गेल्या दिवाळीत. सांगणारा नानांचा नातू, म्हणजे नात्याने आमचा पुतण्या. तो मर्चंट नेव्हीत थर्ड इंजिनियर आहे. भांडगावच्या मुलाने समुद्रावर जावे याचे आता नवल उरलेले नाही. तीसेक किलोमीटरवर लोणी काळभोरला २००१ साली नौकानयनाचे शिक्षण देणारी अकादमी निघाली आणि ज्या पट्ट्यात पावसाची वाट पाहण्यात आयुष्ये जातात तिथली मुले जहाजाची इंजिने शिकू लागली. त्याआधीही आमच्या बाजूचा समुद्राशी अगदीच संबंध नव्हता असे नाही. १९१९ साली सिंधिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला नेणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे, आणि पुढे त्यांनीच शेजारच्या इंदापूर तालुक्यात ऊस आणि साखरेचे वालचंदनगर वसवले. ऊस आणि जहाज एकाच डोक्यात राहू शकतात. असो.

भंगारवाल्याशी सौदा ठरल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, वजनावर घालायच्या आधी मला ते उघडून बघू द्या." नट गंजून एकजीव झाले होते. दोन दिवस डिझेलमध्ये भिजवून, हातोड्याने ठोकून त्याने हेड उतरवले आणि तिसऱ्या दिवशी लायनर ओढून काढला. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते बीडाचे नळकांडे. त्याच्या बाहेरच्या अंगाने, ब्लॉक आणि लायनर यांच्यामधल्या पोकळीतून, थंड करणारे पाणी खेळते. त्या पोकळीला जॅकेट म्हणतात. ही बाहेरची बाजू फिटरने पाहिलीच नव्हती. त्याने फक्त हेड उचलले होते.

लायनरचा खालचा निम्मा भाग तांबेने खाल्लेला होता, खपल्या हाताला लागून निघत होत्या. वर मात्र गंज दिसतच नव्हता. तिथे मळकट पांढरा, कौलासारखा कठीण थर बसला होता आणि तो वर वर जाड होत गेला होता. पुतण्याने स्क्रूड्रायव्हरने एक कपची उडवली. तिच्या कडेला पांढऱ्या आणि तपकिरी रेघा एकाआड एक दिसत होत्या. जॅकेटात मुळात बोट शिरेल एवढी जागा. वरच्या बाजूस तिथे पोस्टकार्ड जात नव्हते. ब्लॉकमधून हेडमध्ये पाणी नेणारी भोके जवळपास बुजली होती, एकातून कशीबशी सुई गेली असती.

"काका, ही नानांची धार," पुतण्या म्हणाला. आमचा लेख त्याने शाळेत असताना वाचला होता, हे आम्हाला त्या क्षणी प्रथम कळले.

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना हा थर समजावून सांगायला नको. चिंच लावून बाहेरून बंब कितीही लखलखीत ठेवला तरी आतून खार धरायचाच. आमच्याकडच्या विहिरींचे पाणी जड. त्यात विरघळलेले कॅल्शियमचे बायकार्बोनेट पाणी तापले की टिकत नाही. कर्बवायू निघून जातो आणि चुना मागे उरतो. साखर उकळत्या पाण्यात अधिक विरघळते, चुन्याचे उलटे आहे. पाणी जितके तापेल तितका तो अधिक बाहेर पडतो. त्यामुळे हा थर नेमका तिथेच बसतो जिथे इंजिन सर्वांत तापते, म्हणजे जिथे पाण्याची सर्वांत अधिक गरज असते. आणि तो बसला की उष्णता अडते. पुतण्याने सांगितले की असा एक मिलिमीटर थर उष्णतेच्या वाटेत निदान वीस मिलिमीटर बीडाइतका आडवा येतो. थरामुळे धातू अधिक तापतो, तापल्यामुळे थर वाढतो, वाट अरुंद होते, पाणी कमी होते, आणि कमी पाणी अधिक लवकर तापते.

त्यात आमच्या इंजिनाची पाण्याची सोय नेहमीचीच होती. पंपाच्या पाण्यातली एक बारीक नळी जॅकेटात वळवलेली, तापलेले पाणी दुसरीकडून धारेने बाहेर पडून पाटाला मिळायचे. विहिरीचे पाणी फुकट, म्हणून ते एकदा वापरून सोडून द्यायचे. पुतण्याने खोपीच्या भिंतीवर कोळशाने हिशेब मांडला. लिटरमागे अर्धा ग्रॅम चुना धरू, मिनिटाला दहा लिटर पाणी धरू. तासाला तीनशे ग्रॅम चुना इंजिनातून जातो. त्यातला शंभरावा हिस्सा चिकटला असे म्हटले तरी तासाला तीन ग्रॅम, हजार तासांत तीन किलो. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण कपची हातात धरून ते ऐकताना फारसे गृहीत वाटत नव्हते. तेच पाणी टाकीत साठवून पुनःपुन्हा फिरवले असते तर चुना एकदाच आला असता आणि एकदाच बसला असता.

जहाजावर नेमके हेच करतात. समुद्राचे पाणी इंजिनाच्या अंगाला लागूच द्यायचे नाही. इंजिनात फिरते ते गोडे पाणी, बंद वर्तुळात, आणि ते बाहेर पडते तेव्हा ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवर असते. समुद्राचे पाणी फक्त कूलरमध्ये येऊन त्याची उष्णता घेऊन परत समुद्रात जाते, आणि तेही पन्नास अंशांच्या पुढे तापू द्यायचे नाही, नाहीतर कूलरच्या नळ्यांत खार धरतो. गोडे पाणी जहाजावरच तयार होते. इंजिनाच्या त्याच उष्णतेवर, निर्वात भांड्यात, पन्नासएक अंशांनाच समुद्राचे पाणी उकळवून त्याची वाफ धरायची. त्यात चुना नाही, मीठ जवळजवळ नाही.

आम्ही म्हणालो, मग प्रश्न मिटला. पुतण्या हसला. "शुद्ध पाणी भुकेलं असतं, काका." चुन्याचा पातळ थर एका परीने लोखंडाचे पांघरूण असतो, ते काढून घेतले की पाण्यातला प्राणवायू सरळ लोखंडाला भिडतो. थर टाळला की गंज पुढे येतो. आमच्या लायनरवर दोन्ही होते, वर थर आणि खाली गंज, हे तेव्हा लक्षात आले. म्हणून त्या शुद्ध पाण्यात औषध घालावे लागते. बहुधा ते सोडियम नायट्राइट असते, आणि पाणी आम्लाकडे झुकू नये म्हणून सोबत बोरेट. नायट्राइट लोखंडावर ऑक्साइडचा इतका पातळ पापुद्रा धरवते की तो डोळ्यांना दिसत नाही आणि उष्णताही अडवत नाही. पूर्वी क्रोमेट वापरीत. ते फार गुणकारी, पण विषारी, आणि ज्या पाण्याच्या उष्णतेवर पिण्याचे पाणी तयार व्हायचे त्यात विष असून चालत नाही. म्हणून ते मागे पडले.

आम्हाला खिळवून ठेवले ते पुढच्या गोष्टीने. नायट्राइट हजार पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांच्या, खाली जाता कामा नये. वरची मर्यादा ज्या त्या औषधाप्रमाणे ठरते. खाली गेले तर काय होते? संरक्षण थोडे कमी होईल असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. पापुद्रा बहुतेक ठिकाणी टिकतो आणि चार-दोन ठिकाणी फाटतो, आणि मग सगळ्या पृष्ठभागाच्या वाटणीचा गंज त्या चार-दोन ठिकाणी एकवटतो. लोखंड सरसकट झिजण्याऐवजी त्याला खोल भोके पडतात. औषध मुळीच न घालण्याहून अर्धी मात्रा वाईट ठरू शकते. शिवाय लायनर पिस्टनच्या धक्क्याने सतत थरथरत असतो, त्या थरथरीने पाण्यात सूक्ष्म बुडबुडे उठतात आणि लायनरवरच फुटतात; पापुद्रा धड नसेल तर तेही टाचणीने टोचावे तशी भोके पाडतात. मात्रा आपोआप घटते, तीही नाना वाटांनी. कुठे गळती होऊन नवे पाणी घातले जाते, कधी पाण्यात जीवाणू वाढून नायट्राइट खातात. म्हणून आठवड्याला एकदा पाण्याचा नमुना काढायचा, थेंबाथेंबाने औषध टाकून रंग कधी पालटतो ते मोजायचे, सामू पाहायचा, क्लोराइड पाहायचे. क्लोराइड पन्नास पीपीएमच्या आत हवे. ते एकाएकी चढले तर समुद्र कुठून तरी आत शिरला. आकडे वहीत लिहायचे.

एका जहाजावर रुजू होताना त्याने आधीच्या माणसाची वही चाळली होती. चार महिने दर आठवड्याला नायट्राइट तेवढेच, सामू तेवढाच, एकाच शाईत, एका बैठकीत लिहिल्यासारखे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना हे अक्षर ओळखू येईल. त्याने नमुना काढला तर मात्रा तिसऱ्या हिश्श्यावर आलेली होती. इंजिन चालूच होते, काही बिघडलेले दिसत नव्हते. पुढच्या बंदरात एक लायनर काढला आणि त्याच्या पाठीवर भोके मिळाली. त्यातले सर्वांत खोल आरपार जायला फार थोडे उरले होते.

यंत्राविषयी मराठीत लिहिले गेलेले पुष्कळ आहे, पण आमच्या वाचनात यंत्र बहुधा प्रतीक म्हणून येते. ते माणसाला चिरडते, नाहीतर प्रगतीचा जयजयकार करते. ज्याचे पाणी आठवड्याला तपासावे लागते असे यंत्र आमच्या वाचनात फारसे आलेले नाही. याचा खेद अधिक वाटतो तो अशासाठी की मराठीत यंत्र आणि मासिक एकाच अंगणात वाढलेली आहेत. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघाली ती कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांना द्यावी म्हणून, आणि शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली तिचे वाङ्मयीन मासिक झाले. पुढे 'स्त्री' आणि 'मनोहर'ही त्याच घरातून आली. मराठी मध्यमवर्गाने ललित मजकूर आवडीने वाचला. माहितीपुस्तिका वाचायची राहिली.

हे वाक्य आम्ही दुसऱ्यांना उद्देशून लिहिलेले नाही. इंजिन उघडल्यानंतर आप्पांची ट्रंक धुंडाळली तेव्हा सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली इंजिनाची पुस्तिका सापडली. मराठीतच होती. कोणत्या कारखान्याची ते सांगत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. स्वच्छ व मऊ पाणी वापरावे, जॅकेटातील क्षार वेळोवेळी काढावा, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार कमी झाल्यास इंजिन बंद करून मार्ग तपासावा, असे तीत लिहिले होते. आप्पा चौथी शिकलेले, नाना त्याहून कमी. १९७९ साली घरात पुस्तके वाचणारे एकटे आम्हीच होतो, आणि त्या वर्षी आम्ही बरेच काही वाचले होते.

परत येऊन आमचा तो लेख पुन्हा काढला. चाळीस वर्षांनी आपले लेखन वाचणे सुखाचे नसतेच, पण ही गोष्ट निराळी होती. एका परिच्छेदात नाना आप्पांना सांगतात की मागल्या साली धार अंगठ्याएवढी पडायची, पोळ्याला करंगळीएवढी झाली, आता सुतळीएवढी पडते. हे आम्ही रचलेले नव्हते, नाना खरोखर बोलले होते, जसेच्या तसे आम्ही उतरवले होते. ज्याने आठ-दहा महिने एका धारेची जाडी मनात धरली तो माणूस आळशी कसा, हा प्रश्न लिहिताना आम्हाला पडला नाही, ऐकणाऱ्यांना पडला नाही आणि मार्मिक समीक्षेबद्दल ख्याती असलेल्या आमच्या प्राध्यापकांनाही पडला नाही. सगळा पुरावा पानावर होता. आम्ही त्याचा विनोद केला होता.

पुतण्याला आम्ही विचारले, म्हणजे नाना त्या रात्री जागे होते हे सिद्ध झाले ना? तो आपल्या आजोबांची बाजू घेईल अशी आमची अपेक्षा होती. तो म्हणाला, "नाही काका. पंपाचं पाणी पाटात पडत असतानाही हे इंजिन बसलं असतं, एवढंच यावरून म्हणता येतं. ते जागे होते की झोपले होते हे लायनर सांगत नाही." त्या उत्तराने आम्हाला अधिक ओशाळे केले.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नानांकडे गेलो. नाना आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येते, दृष्टी शाबूत आहे. पुतण्याने ती कपची त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती अंगठ्याने चाचपली, नखाने खरवडून पाहिली, उजेडात धरून रेघा पाहिल्या. आम्ही लेखाचे बोलायला सुरुवात केली. वाक्य बरेच दिवस जुळवून ठेवले होते, ते अर्ध्यावर राहिले.

"त्यात धार बारीक झाल्याचं लिवलं व्हतंस तू," नाना म्हणाले. "तेवढं बराबर लिवलं व्हतंस."

मग आमच्याकडे पाठ करूनच म्हणावे तसे ते नातवाकडे वळले. जहाजावरचे इंजिन केवढे, पाणी किती लागते, हे त्यांनी विचारून घेतले. धार कुठून पाहता, असेही विचारले. पुतण्याने सांगितले की पाणी बंद नळ्यांतून फिरते, धार कुठेच दिसत नाही. किती अंश तापले आणि दाब किती हे काट्यांवर दिसते, बाकीचे वहीत.

"म्हंजे आकड्यावर भरवसा."

"होय, नाना."

"आन् आकडा लिवनारा झोपला तर?"

पुतण्या हसला आणि त्याने ती चार महिन्यांच्या सारख्या आकड्यांची हकिकत त्यांना पहिल्यापासून सांगितली. नानांनी ती मन लावून ऐकली. मधेच त्यांनी विचारले की त्या आधीच्या माणसाचे पुढे काय झाले. पुतण्याला ते ठाऊक नव्हते. नाना म्हणाले, त्याला एकदा विचारायला हवं होतं, अडचण काय होती ती.

भंगारवाल्याचा टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. इंजिन चौथऱ्यावरून उतरवायला पाच माणसे लागली. लायनर त्यात नव्हता. तो नानांनी ठेवून घेतला आहे.